नडगीवरचा वळ

"तोंड मिटा आन् ताक प्या."

गड चढून आलेल्या माणसाचं ती असं स्वागत करायची. आधी हातातली काठी दगडावर आपटायची, मग हे वाक्य आणि मग ताकाचा पेला. समोरचा कितीही दमलेला असो, कितीही मोठ्या हुद्द्यावरचा असो, वाक्यात बदल नसे. कुणी "मावशी, ताक छान आहे हो" म्हणालं तर ती म्हणायची, "मला ठावं हाय. पुढं व्हा."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लोक त्यांना फणसाची उपमा देतात, वरून काटे आणि आतून गरे. हिच्या बाबतीत मी तो शोध घेतलेला नाही. मी गडावर पहारेकरी, विंझरचा राहणारा. माझी चौकी दरवाजाशी आणि तिचा दगड दरवाजाखाली, अरुंद वाटेच्या वळणावर. इतकी वर्षं आम्ही एकमेकांच्या नजरेसमोर काढली आणि त्यातला एकही दिवस मला गोड गेला नाही.

ती गडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याची. भाताची जमीन धरणात गेली, हाताशी दोन म्हशी उरल्या. रोज सकाळी ताकाचं मडकं डोक्यावर घेऊन ती गड चढायची आणि दुपार कलली की उतरायची. साठी केव्हाच उलटलेली. चढताना तिला धाप लागलेली मी कधी पाहिली नाही, आणि मला लागलेली धाप ती कधी न बोलता सोडत नसे. "सरकारी पगार छातीत बसलाय ह्येच्या," ती लोकांना माझ्यासमोर सांगायची.

एकदा आमचे साहेब पाहणीला आले होते. मी दरवाजापाशी टोपी नीट करून उभा. साहेबांनी तिच्याकडून ताक घेतलं आणि सहज विचारलं, "काय मावशी, आमचा माणूस लक्ष ठेवतो ना?" ती म्हणाली, "ठेवतो की. दुपारचं डोळं मिटून ठेवतो." साहेब हसले. जाताना मात्र त्यांनी चौकीतली माझी सतरंजी हलवायला लावली. त्यानंतर बरेच दिवस मी तिच्या दगडासमोरून जाताना मान वळवून जायचो आणि तिला त्याचा आनंद व्हायचा.

आता भीतीचं सांगतो, कारण ही सगळी हकीकत भीतीचीच आहे.

त्या वळणाच्या वर कातळाचा एक टप्पा लागतो. लोखंडी कठडा आहे, पण खाली दरी दिसते. शहरातली माणसं तिथं हमखास अडकतात. एकदा कॉलेजातली एक मुलगी अशीच कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी राहिली. मैत्रिणी खालून "जमेल गं, जमेल" म्हणत होत्या, पण तिला काहीच ऐकू येत नव्हतं. मी गेलो, गोड बोलून पाहिलं. तिची बोटं एकेक करून सोडवायला लागलो तर ती आणखी आवळायची.

तेवढ्यात ही खालून चढून आली. मला बाजूला सारलं आणि त्या मुलीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "रडायचं असंल तर आयच्या मांडीवर जाऊन रड. हितं लोकांची वाट आडवू नकोस. एवढी भित्री हाईस तर आलीस कशाला तंगड्या तोडत?"

मुलीचा चेहरा पांढरा होता, तो लाल झाला. ती वळून काहीतरी बोलली, वर चढली आणि वर जाऊन ढसाढसा रडली. परतताना मैत्रिणींना ती सांगत होती की एक म्हातारी तिला फार घाणेरडं बोलली. टप्पा आपण कसा चढलो हे तिला सांगता येत नव्हतं. "मी राग आणून दिला म्हणून पाय हलले तिचे," म्हातारी मला मागाहून म्हणाली. मला तो दुष्टपणा वाटला. गोड बोलूनही ते झालं असतं, असं मी आजही म्हणतो.

भित्र्या माणसाचा तिला मनापासून तिटकारा होता. साप दिसला म्हणून ओरडलेला, अंधारून आलं म्हणून घाबरलेला, सगळ्यांना ती एकाच मापानं झोडपायची. तिच्यापुढे भ्यायची सोयच नव्हती. मी स्वतः तिच्यासमोर कधी पाय घसरू दिला नाही, घसरला तरी दाखवला नाही.

ते मोहोळ उठलं तो दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचा होता. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात, ती वाटेवरून दिसतात. त्यांच्याखाली धूर करू नये, ओरडू नये, अंगाला वासाचं काही लावू नये, असा फलक मीच रंगवून लावला आहे. तरी एक टोळकं आलं. मोबाईलवर टाकायला त्यांना चित्रफीत काढायची होती. त्यांच्यातल्या एकानं रंगीत धुराचा डबा पेटवला. लाल धूर कड्याला घासत वर गेला आणि कडा गुणगुणायला लागला.

आता यापुढचं मी जे सांगतो त्यातलं किती खरं ते मला सांगता येणार नाही. तुम्हाला विचित्र वाटेल, मी तर तिथेच होतो. पण ऐका.

माझ्या आठवणीत त्या दिवसाला आवाजच नाही. माणसं तोंडं उघडून पळताहेत आणि सगळं मुकं. मला आठवतं की ताकाचं मडकं कलंडलं, पायऱ्यांवरून घरंगळत गेलं आणि काळ्या दगडावर पांढरं ताक पसरलं. डोळे मिटले तर आजही दिसतं. आणि संध्याकाळी तेच मडकं तिच्या दगडाशेजारी सुखरूप सापडलं, वर फडकं बांधलेलं, आत ताक. तिचं लुगडं लाल होतं असं मी शपथेवर सांगितलं असतं. ते हिरवं होतं. लाल होता तो धूर.

माझ्या चौकीला पक्की भिंत आहे, पत्रा आहे. लोकांना आत घ्यावं म्हणून मी धावलो. कुलूप रोजचं, किल्ली रोजची. ती किल्ली भोकात जाईना. गेली तर फिरेना. कुठल्या बाजूला फिरवायची तेच मला कळेना. हात माझे असून माझे नव्हते. पळू शकत होतो, दार बडवू शकत होतो, पण एवढीशी किल्ली फिरवणं जमेना. माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी हेच झालं असतं. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी मानेवर माश्या बसल्या असताना कुलूप उघडून बघावं.

मग मीही पळालो. सगळे ज्या बाजूला पळत होते त्याच बाजूला, वळणाकडे, जिथं वाट वळते आणि सरळ गेलं तर दरी आहे. मला दरी दिसत होती का? नाही. मला पुढच्या माणसाची पाठ दिसत होती, तेवढीच. बाकी जग नव्हतंच.

आणि माझ्या नडगीवर काठी बसली.

कळ थेट डोक्यात गेली. मी तोंडावर पडलो. पडल्याबरोबर अंगावर काहीतरी जड, लोकरीचं, म्हशीच्या वासाचं येऊन पडलं आणि कुणीतरी पाठीवर पाय देऊन मला दाबलं. "हलू नकोस." एवढाच एक आवाज त्या दिवसातला मला आठवतो. घोंगड्याखाली माझ्या शेजारी आणखी कुणीतरी होतं, त्याचे दात वाजत होते. किती वेळ पडून होतो ते सांगता यायचं नाही. मला दुपारभर वाटलं. लोक म्हणतात, बराच कमी.

डोंगरातल्या गुराख्यांची रीत अशीच आहे. मोहोळ उठलं तर पळायचं नाही, घोंगडं डोक्यावरून घेऊन पालथं पडायचं आणि मेल्यासारखं पडून राहायचं. ही रीत पोराटोरांना माहीत असते. मलाही होती. त्या क्षणी आठवली नाही, बस.

माश्या निवल्यावर लोक घोंगड्यांखालून, तिच्या निळ्या ताडपत्रीखालून, पोत्यांखालून बाहेर आले. तिच्या दगडापाशी उन्हापावसाला म्हणून जे काही पडलेलं असायचं ते सगळं कुणा ना कुणाच्या अंगावर होतं. दरीत कुणीही गेलं नव्हतं. ती वळणाच्या तोंडाशी उभी होती, वाटेकडे तोंड आणि दरीकडे पाठ, हातात काठी. चेहरा एवढा सुजला होता की डोळे दिसत नव्हते. आम्ही जवळ गेलो तर तिनं काठी उगारली. मग खाली बसली आणि आडवी झाली.

डोली करून तिला गुंजवण्यात उतरवलं, तिथून टेम्पोनं दवाखान्यात. वाचली. म्हातारं हाड चिवट.

ती घरी येते न येते तोच त्या टोळक्यातल्या एका तरुणानं मोबाईलवर लिहिलं की गडावरची एक म्हातारी पर्यटकांना काठीनं झोडपते, संकटात मदत करायची सोडून तिनं आम्हालाच मारलं. सोबत पायावरच्या वळाचा फोटो. हजारो लोकांनी तो पुढे पाठवला. त्यांची चित्रफीत कुणी विचारली तर त्यात लाल धूर, मग आभाळ, मग दगड, एवढंच होतं. साहेबांचा निरोप आला, बाईला गडावर बसू द्यायचं नाही. आणि गावात येऊन एकदा सगळ्यांचं ऐकून घेतो.

गावातल्या देवळासमोर बैठक भरली. तो तरुणही आपल्या टोळक्याला घेऊन आला होता, शर्टाची बाही वर करून डंखांच्या खुणा दाखवत. तो खोटं बोलत नव्हता, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. त्या काठीला खाली तारेचा वेढा होता, वर एक गाठ होती, गाठीजवळ चीर गेलेली होती, हे सगळं त्यानं बरोब्बर सांगितलं. काठी त्याला अशी आठवत होती, जणू अजून डोळ्यांसमोर आहे. आणि ज्या घोंगड्यानं त्याचा जीव वाचला ते घोंगडं त्याला आठवतच नव्हतं. "घोंगडं? नाही. मी दगडाआड लपलो होतो," तो म्हणाला. तिथं दगड नाही. माझ्या शेजारी वाजणारे दात त्याचेच होते, पण हे मी कशाच्या जोरावर सांगणार होतो? माझ्या आठवणीतलं मडकं तर कलंडलं होतं.

साहेबांनी तिला विचारलं, "मावशी, तुम्ही लोकांना मारलंत?"

ती कोपऱ्यात बसली होती. सूज उतरली होती, रंग काळपट झाला होता. म्हणाली, "मारलं आसंल. हातात काठी असती माझ्या."

"असेल म्हणजे? मारलं की नाही?"

"मला न्हाई आठवत. कड्याचा आवाज आला तेवढं ठावं हाय. मग एकदम दवाखाना."

लोक कुजबुजले. तिच्या बाजूचेही नाराज झाले. एवढी तोंडाळ बाई, निदान आता तरी भांडायचं. साहेबांना वाटलं ती टाळते आहे. मला वाटलं, ही पहिल्यांदाच खरं आणि खालच्या आवाजात बोलते आहे.

मला तिच्यासाठी उठायची काही गरज नव्हती. ती गेली असती तर माझी दुपार शांत झाली असती. पण दगडासमोरून जाताना शिव्या देणारं कुणी नसेल, असं मनात आलं आणि ते मला आवडलं नाही. मी उठलो आणि त्या तरुणाला म्हणालो, "पँट वर करा."

तो बिचकला. मग त्यानं दाखवलं. वळ नडगीवर होता, गुडघ्याच्या खाली, पुढच्या बाजूला. मी माझी विजार वर केली. त्याच जागी. "मलाही मारलंय तिनं," मी म्हणालो. "टोळक्यातल्या बाकीच्यांना विचारा. कुणाच्या पाठीवर वळ आहे का? डोक्यावर?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाच्याच नव्हता.

देवळाच्या पायरीवर बसलेले म्हातारे शेतकरी वाकून आमच्या नडग्या बघायला लागले. जनावर कड्याकडे निघालं तर त्याला मागून मारून चालत नाही, ते आणखी पुढं पळतं. आडवं होऊन त्याच्या पुढच्या पायांवर मारायचं असतं, तेव्हाच ते थांबतं. म्हशी वळवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "माणसं न्हवती वळवत ती. म्हसरं वळवत व्हती."

तो तरुण चिडला. आपल्याला म्हैस म्हटलेलं त्याला आवडलं नाही. तो शेवटपर्यंत दगडाआड लपल्याचंच म्हणत राहिला आणि तसाच गेला. साहेबांनाही विषय मिटवायचा होता. त्यांनी निकाल दिला, बाईला बसू द्या, पण काठी न घेता.

ती बैठकीतून उठली, माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल. "विजार वर करायला लाज न्हाई वाटली देवळापुढं?" ती म्हणाली आणि गेली.

काही दिवसांनी ती मडकं घेऊन गड चढली. मी चौकीत कामाचं निमित्त काढून बसलो होतो, पण माझं लक्ष वाटेकडेच होतं, हे कबूल करायला हरकत नाही. काठी नव्हती. त्या दिवशी दोन-तीनदा ती थांबून दम खाताना दिसली. दगडावर बसली, फडकं सोडलं, पेले मांडले. लोक आले. तिनं त्यांना तोंड मिटायला सांगितलं. मला बरं वाटलं.

मग कुणीतरी आपला मोबाईल तिच्या दगडावर ठेवला आणि तो थरथरायला लागला. आवाज बंद केलेला मोबाईल दगडावर कसा गुणगुणतो, तुम्हाला माहीत आहे.

तिच्या हातातून पेला पडला. ती उठली, कड्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांसमोर दगडाशेजारी पालथी पडली. पदर डोक्यावरून ओढून घेतला. लोकांना आधी कळेना, मग दोघं-तिघं हसले. एकानं तोच मोबाईल उचलून तिच्यावर धरला. मी चौकीतून कसा पोचलो ते मला माहीत नाही. त्याचा मोबाईल मी हिसकावून घेतला आणि त्या सगळ्यांना असं काही बोललो की त्यांनी माझ्या नावाची तक्रार केली. ती तक्रार अजून माझ्या मागे आहे.

ती उठेना. मी खांद्याला हात लावला तर अंग लटलट कापत होतं. जिला सगळ्यांच्या भीतीची शिसारी होती, तिच्या अंगात ती आता शिरली होती, सगळं टळून गेल्यावर. त्या दिवशी कुठं गेली होती ही भीती? मोहोळ अंगावर असताना तिला एक क्षणही सापडली नाही, आणि आता दगडावरच्या मोबाईलमधून आली. मला फार वाईट वाटलं. तिच्याबद्दल मला कधी वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती उठून बसली. माझ्याकडे न पाहता पेले गोळा केले, मडकं उचललं. "कुणाला सांगितलंस तर बघ," म्हणाली आणि बसत बसत गड उतरली. ती शेवटची. त्यानंतर तिनं गडाची पायरी चढलेली नाही. आता तिथं लोक बसून वेफर्स खातात आणि पाकिटं तिथंच टाकतात.

कामावर जाताना माझी वाट तिच्या अंगणावरून जाते. सून म्हणते, मिक्सर लावला तरी त्या आतल्या खोलीत जाऊन बसतात. म्हशी विकल्या. मला पाहिलं की मात्र ती ओट्यावर येते. पाणी विचारत नाही, बस म्हणत नाही. "सांग," एवढंच म्हणते.

मी सांगतो. मडक्याचं सांगत नाही, लुगड्याचा रंग सांगत नाही. नडगीवर काय बसलं ते सांगतो, अंगावर काय पडलं ते सांगतो. परवाही सांगितलं. ती मान खाली घालून, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती.

"घोंगडी सगळी लोकांवर?" तिनं विचारलं.

"सगळी. ताडपत्रीबी. पोतीबी."

"मग त्या बाईनं सोताला काय घेतलं?"

"काय न्हाई. तुमी उभ्याच व्हता, मावशी. वाट आडवून. आमी उठोस्तवर."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवलं.

"खोटं बोलतोस," ती म्हणाली. "मी असते तर पळून गेले असते."